तो कागद लपवू नकोस

मावशी, नमस्कार.

माझं वय २९. घाटंजी तालुक्यात सासर आहे, ६ एकर कोरडवाहू शेती, एक ५ वर्षांची मुलगी. ४ वर्षांपासून मला झटके येतात. आधी छाती धडधडते, बोटं बधिर होतात, माणसांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, मग हातपाय उडायला लागतात. डोळे मिटतात, पण ऐकू सगळं येतं. कधी १० मिनिटं, कधी अर्धा तास. मिरगी म्हणून २ प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. उन्हाळ्यात नागपूरला नेलं. तिथं ३ दिवस भरती ठेवून डोक्याला तारा लावल्या, समोर कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी झटका आला. डॉक्टर म्हणाले, "चांगलं झालं, पकडला. मिरगी नाही, फंक्शनल आहे. सायकियाट्रीला दाखवा." एवढंच. कागदावर 'पीएनईएस' लिहून दिलं.

खरी गोष्ट पुढं झाली. मागच्या महिन्यात निंदणाला गेले होते, वावरातच झटका आला. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळे धावत आले, सलाईन, ऑक्सिजन. मग माझ्या मिस्टरांनी फाइल दिली. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि सगळ्यांचे हात थांबले. एक जण म्हणाले, "अरे, सुडो आहे," म्हणजे खोटं. सिस्टरनं नाकाला वासाचा बोळा लावला, छातीच्या हाडावर मुठीनं घासलं, म्हणाली, "उठते आता, नाटकं पुरे." माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हते. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. आता घरात म्हणतात, "डॉक्टरच म्हणे, तिले काई नाई झालं." मिस्टर चांगले आहेत, पण परवा त्यांनीही विचारलं, "तू मुद्दाम तं नाही करत?"

मी खोटारडी आहे का? वेडी आहे का? गोळ्या बंद करू का? आणि पुढच्या वेळी तो कागद दाखवावा की लपवावा? मी तर ठरवलंय, आता काही झालं तरी दवाखान्यात जायचं नाही.

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

माय माझी,

आधी गोळ्यांचं सांगते, कारण बाकीचं वाचून होईस्तोवर तू त्या चुलीत टाकशील अशी मला धास्ती आहे. त्या गोळ्या तुझ्या या झटक्यांवर चालत नाहीत हे खरं. पण मिरगीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर सोडण्यामुळेच खरी मिरगीची फिट येऊ शकते. शिवाय फंक्शनल झटके येणाऱ्या काही जणांना सोबत मिरगीही असते. म्हणून त्या कमी करायच्या की नाही, किती आठवड्यांत करायच्या, हे नागपूरच्या त्याच डॉक्टरांकडून लिहून घे. आणि पाकिटावर 'सोडियम व्हॅल्प्रोएट' असं नाव असेल तर हे काम पुढं ढकलू नकोस. पोटुशी असताना ती गोळी चालू राहिली तर साधारण १० बाळांपैकी एकाला जन्मतः व्यंग राहण्याचा धोका असतो. दुसऱ्या मुलाचा विचार घरात चालू असो वा नसो, डॉक्टरांना हे स्वतःहून विचार. तरीही, आपल्या मनानं बंद नाही.

आता तुझ्या पत्रातली ती सिस्टर. मी तिला ओळखत नाही, पण ती कशी असेल हे मला नीट माहीत आहे, कारण ३१ वर्षांच्या नोकरीत किती तरी वर्षं तीच मी होते.

दिवाळीनंतरचे दिवस होते, वेचणी जोरात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कापसाच्या गाठोड्यांवर निजवून एक १८-१९ वर्षांची पोरगी आणली. डोळे घट्ट मिटलेले, डोकं एकसारखं इकडून तिकडं, पाठ धनुष्यासारखी उचललेली. डॉक्टर जेवायला गेले होते. माझ्या सीनियर बाईंनी शिकवलं होतं ते सगळं मी केलं. अमोनियाचा बोळा नाकाशी धरला. कपाळाच्या हाडावर अंगठा दाबला. तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर सोडला. तो तोंडावर न पडता बाजूला पडला, तेव्हा मी तिच्या बापाकडे पाहून हसले सुद्धा. म्हटलं, "पाहा बाबा, स्वतःले लागू नाही देत!" बाप बिचारा खाली मान घालून उभा होता.

संध्याकाळी चादर बदलायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताले फिनाईलचा वास येत होता. अन् तुमची एक बांगडी टिचेल आहे, ते मले टोचून राहिली होती."

मी हात पाहिला. बांगडी खरंच टिचलेली होती.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरं सांगू? त्या दिवशीही मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बघा, शुद्धीवर होती ना, म्हणजे आपलं बरोबरच! शुद्ध असणं वेगळं आणि अंगावर ताबा असणं वेगळं, एवढं कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली. हिवतापाची हुडहुडी भरलेला माणूस शुद्धीवर असतो की नाही? त्याला सांगून पाहा, दात वाजवू नको म्हणून. उचकी लागलेला माणूस शुद्धीवर असतो. तो काही नाटक करत नाही. आणि तो तोंडावर न पडलेला हात! पडता पडता सावरणं हे शरीर आपोआप करतं, ठरवून करावं लागत नाही. त्यावरून माणूस खोटा ठरत नाही. हे मला त्या वेळी कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तू खोटारडी नाहीस. तुला ऐकू येत होतं म्हणून तर अजिबातच नाही.

नागपूरला तुझी जी तपासणी झाली ती या आजारातली सगळ्यात भरवशाची आहे. नुसती अर्ध्या तासाची डोक्याची पट्टी, म्हणजे ईईजी, नॉर्मल आली तर त्यावरून काही ठरत नाही, मिरगी असलेल्यांचीही ती पुष्कळदा नॉर्मलच येते. एमआरआयचं तेच. तुझ्या बाबतीत झटका चालू असताना कॅमेरा तुझ्या अंगावर होता आणि तारा मेंदूची वीज टिपत होत्या. मिरगीत मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम, एका तालात वीज सोडतात आणि ते पट्टीवर उमटतं. तुझे हातपाय उडत होते तेव्हा तसं काही उमटलं नाही. "चांगलं झालं, पकडला" हे डॉक्टरांचं बोलणं तुला चोर पकडल्यासारखं लागलं असेल. त्यांना म्हणायचं होतं की नेमक्या वेळी झटका आला म्हणून पक्कं निदान करता आलं. जर्मनीतल्या एका अभ्यासात, २००२ साली छापून आलेल्या, हे निदान व्हायला लोकांना सरासरी ७ वर्षं लागली होती. तोवर मिरगीच्या गोळ्या चालूच. तुझी ४ गेली. गोळ्यांनी न थांबणारे झटके घेऊन मोठ्या केंद्रांत जे जातात, त्यांच्यातल्या साधारण ५ पैकी एकाचं निदान तुझ्यासारखं निघतं. तेव्हा तू एकटी नाहीस, फक्त तुझ्या गावात या आजाराचं नाव कुणाला माहीत नाही.

पण डॉक्टर दोन वाक्यं बोलले आणि मधलं एक बोलायचं राहिलं. "मिरगी नाही" झालं. "सायकियाट्रीला दाखवा" झालं. "जे होतं ते खरं आहे, तुझ्या हातात नाही, आणि त्याचं कारण मी सांगतो" हे राहिलं. त्या रिकाम्या जागेत तुझ्या सासूबाईंनी "काई नाई झालं" भरलं, दवाखान्यानं "नाटक" भरलं आणि जावईबापूंनी "मुद्दाम तं नाही?"

ते राहिलेलं मी सांगते. कोरडवाहू असलात तरी शेजारच्या विहिरीवरची मोटर तू पाहिली असशील. मेकॅनिक येतो, मोटर खोलतो, म्हणतो वाइंडिंग शाबूत आहे, जळालं काही नाही. तरी पाणी येत नाही, कारण स्टार्टर घडी घडी ट्रिप होतो. वाइंडिंग चांगलं आहे हे खरं आणि पाणी येत नाही हेही खरं. म्हणून कुणी मोटरीला नाटकी म्हणत नाही. तुझ्या मेंदूत जखम नाही, गाठ नाही, मिरगीची वीज नाही. पण धोका ओळखणारा, भान सांभाळणारा आणि अंग हलवणारा अशा मेंदूच्या भागांचा आपसातला मेळ मधूनच सुटतो, आणि एकदा त्या वाटेनं सुटायची सवय लागली की पुढं लहानशा कारणानंही सुटतो. कधी कारण सापडतही नाही. उपमा फार ताणू नकोस हं, स्टार्टर बाजारातून नवा आणता येतो, इथं आहे त्याचीच सेटिंग हळूहळू बदलावी लागते.

'पीएनईएस' म्हणजे 'सायकोजेनिक नॉन-एपिलेप्टिक सीझर्स', त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'मनातून आलेले'. हा शब्द आता मागे पडत चाललाय, फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. मला विचारशील तर फार आधीच पडायला हवा होता. डॉक्टर 'मनातून' लिहितात आणि वाचणारा 'मनानं' वाचतो.

दवाखान्यात असं का वागतात, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या "आता जायचंच नाही" मध्ये ते आहे. एक तर शिकवलेलं नसतं. मग ओपीडीत दीडशे-दोनशे माणसं, एका कॉटवर दोन पेशंट, आणि ज्या बाईसाठी सगळे पळाले तिला 'तसलं काही नाही' असं कागद सांगतो. फसवलं गेल्याचा राग येतो. आपल्याला यातलं काही कळत नाही, हे कबूल करण्यापेक्षा रागावणं सोपं असतं. ही सबब नव्हे. मी स्वतः त्या रागात होते म्हणून सांगते.

दुसरं कारण फार जुनं आहे. हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला. बाईच्या झटक्यांचं मूळ तिच्या गर्भाशयात, अशी ती समजूत. १९व्या शतकात पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे मोठे मेंदूतज्ज्ञ अशा बायकांचे झटके भरल्या सभागृहात दाखवायचे. आपल्याकडे आजही एखादा डॉक्टर पोरीच्या बापाला बाजूला घेऊन सांगतो, "लग्न लावून द्या, बरं होईल," आणि लग्न झालेलीला, "एक मूल होऊ द्या." तो सल्ला एमबीबीएसच्या पुस्तकातला वाटत असेल, पण त्याची मुळं त्या जुन्या गर्भाशयाच्या समजुतीत आहेत. हा आजार पुरुषांनाही होतो, जास्त करून बायकांना होतो एवढंच. पुरुषाला आला तर आपल्याकडे दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "किती घेतली?"

आणि मला खटकणारी एक गोष्ट सांगू का? आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारलं, बांधलं, मिरचीची धुरी दिली तर तो गुन्हा आहे, जेल होते. गावातल्या भगतानं धुरी दिली तर गुन्हा, आणि आम्ही पांढऱ्या साडीत अमोनिया दिला तर तपासणी! बेशुद्ध माणूस किती बेशुद्ध आहे हे पाहायला डॉक्टरांना एखादवेळी टोचावं लागतं, ते मला मान्य आहे. तेवढं करून पुढं जायचं असतं. "उठते आता" म्हणत पुन्हा पुन्हा घासायचं नसतं.

वेडी आहे का, असं विचारतेस. लकवा झालेल्याला फिजिओथेरपीला पाठवतात, कारण त्याचे व्यायाम तिथं शिकवतात. तुला मनोविकार विभागात पाठवलं, कारण या झटक्यांवरचे उपाय तिथल्या लोकांना येतात. खरा उपाय बोलण्यातून आणि सरावातून होतो, गोळी लागलीच तर सोबतच्या उदासीला किंवा घाबरण्याला. आणि मी तुला खोटी आशा लावणार नाही. ब्रिटनमध्ये ३६८ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. निम्म्यांना नेहमीचे चांगले उपचार, निम्म्यांना त्यासोबत खास या झटक्यांसाठी बसवलेली बोलण्याची थेरपी. वर्षभरानं महिन्यातल्या झटक्यांच्या आकड्यात दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. पण थेरपी घेतलेल्यांचे झटक्यांविना गेलेले सलग दिवस जास्त निघाले, झटक्यांचा जाच कमी वाटला आणि रोजची कामं जास्त सुधारली. आणि काही जणांचे झटके तर निदान नीट समजावून सांगितल्यावरच कमी होतात. म्हणून मधल्या त्या न बोललेल्या वाक्यासाठी मी एवढी हटून बसले आहे.

सरावाचं एक इथंच सांगते, कारण तुझ्याकडे त्याचं भांडवल आहे. छाती, मग बोटं, मग विहिरीतून आवाज: एवढी आगाऊ सूचना सगळ्यांना मिळत नाही. बोटं बधिर व्हायला लागली की जिथं असशील तिथं खाली बस. पदराच्या टोकाला मूठभर सरकी बांधून ठेव, ती मुठीत धरून दाब, टोचू दे. पायाचे तळवे जमिनीला रोव. समोरच्या ५ वस्तूंची नावं मोठ्यानं घे: डवरा, बैल, बाभूळ, हंडा, पोरीची चप्पल. लक्ष आतून बाहेर ओढायचं, एवढाच त्यात अर्थ. दर वेळी जमणार नाही. जमलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस, नाहीतर आणखी एक "मुद्दाम करते" म्हणणारी तयार होईल आणि ती तूच असशील.

मनोविकार विभागात तुला विचारतील, आयुष्यात काही मोठं दुःख, मारहाण, जबरदस्ती झाली होती का. पुष्कळांच्या बाबतीत असतं, पुष्कळांच्या नसतं. नसेल तर शोधून काढू नकोस, आणि असेल तर सासूबाईंच्या पुढ्यात सांगायची काही गरज नाही. "मला एकटीशी बोलायचं आहे" एवढं म्हण. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं तुझी माहिती गुप्त राखणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. यवतमाळला शासकीय मेडिकल कॉलेजात हा विभाग आहे, वर्ध्याकडे जाणं सोयीचं असेल तर सेवाग्रामला आहे. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत.

एक धोका आधीच सांगून ठेवते. मेंदूवाले म्हणतात, हे आमचं नाही, मनवाल्यांकडे जा. मनवाले म्हणतात, झटके आहेत ना, मेंदूवाल्यांना दाखवा. मधे एसटीचं भाडं तुझं आणि बुडालेली मजुरीही तुझीच. अशा वेळी कुणाशी वाद घालू नकोस, उठायच्या आधी एकच विचार: "साहेब, माझी पुढची तारीख कुणाकडे?" तारीख आणि नाव कागदावर लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

जावईबापूंना माझा नमस्कार सांग आणि त्यांना हा एवढा भाग वाचून दाखव. बापू, तुम्ही विचारलं त्यात तुमची चूक नाही, दवाखान्यात जे ऐकलं तेच तुम्ही विचारलं. आता एक काम करा. पुढच्या वेळी सुरुवातीपासून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तोंड, डोळे आणि चारही हातपाय दिसतील असा, आणि वेळ पाहून ठेवा. तो डॉक्टरांशिवाय कुणाला पाठवायचा नाही, भावाला सुद्धा नाही. मग फोन खिशात टाका, तिला कुशीवर करा, डोक्याखाली टॉवेल द्या, दगड-विळा बाजूला करा. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. हात दाबून धरायचे नाहीत. हळू आवाजात बोलत राहा: "मी हावो इथं, थांबते आता." ती ऐकते. तिनं पत्रात लिहिलंय, सगळं ऐकते. त्या वेळी तुम्ही शेजाऱ्याशी काय बोलता तेही. झटका थांबेस्तोवर घराचं दार लोटून घ्या, अर्धं गाव खिडकीत नको.

विहिरीवर एकटीनं जाणं, चुलीपुढं एकटीनं बसणं, न्हाणीला आतून कडी, हे काही महिने टाळ बाई. फंक्शनल झटक्यातही भाजतं, डोकं फुटतं.

सासूबाईंना समजावायच्या भानगडीत सध्या पडू नकोस. त्या ऐकतील तर मुलाचं ऐकतील, किंवा सही-शिक्क्याच्या कागदाचं.

आणि आता तो कागद. लपवू नकोस. तुझा अपमान झाला तो कागदामुळे, हे मला पटतं. पण न दाखवता काय होतं ते मी पाहिलेलं आहे. अर्धा तास झटके चालू आहेत, मागची काही माहिती नाही, म्हणजे डॉक्टर ती न थांबणारी मिरगी समजणार आणि त्यांच्या जागी तेच बरोबर आहे. शिरेतून एक इंजेक्शन, मग दुसरं, मग तिसरं. तुझे झटके त्यानं थांबायचे नाहीत, श्वास मात्र मंदावेल. मग नळी, मग व्हेंटिलेटर, मग नागपूरची ॲम्ब्युलन्स. निदान नसताना किंवा न कळल्यानं असं झालेले रुग्ण जगभर आहेत. चार अक्षरांच्या चिठ्ठीनं तुझं भागणार नाही, तुला पूर्ण कागद हवा. नागपूरला गोळ्यांसाठी जाशीलच, तेव्हा डॉक्टरांना हे त्यांच्या लेटरहेडवर मागून घे, तारीख-सही-शिक्क्यासह. मी मजकूर देते, ते बदलतील तसा बदलू दे:

"यांना फंक्शनल झटके येतात. व्हिडिओ ईईजीत झटका नोंदला आहे, तो मिरगीचा नाही. झटके अनैच्छिक आहेत, त्या ते मुद्दाम करत नाहीत. झटक्यात त्यांना ऐकू येतं. आधी श्वास, नाडी, ऑक्सिजन, रक्तातली साखर पाहावी. ते ठीक असेल तर कुशीवर, शांत जागी ठेवून एकानं बोलत राहावं. फिट थांबवायची इंजेक्शनं शक्यतो देऊ नयेत, शंका असल्यास खालील नंबरवर विचारावं. वास देणं, चिमटे, पुन्हा पुन्हा टोचणं करू नये. मार लागला असेल, श्वासाला त्रास असेल, त्या गरोदर असतील किंवा झटका नेहमीपेक्षा वेगळा दिसत असेल, तर इतर कुठल्याही रुग्णासारखी पूर्ण तपासणी करावी."

शेवटच्या वाक्यावर आग्रह धर. एकदा 'फंक्शनल' शिक्का बसला की खरं छातीत दुखलं तरी "तीच ना ती?" होतं. तुम्हा दोघांनाही त्या वाक्यातले चार प्रसंग पाठ असू दे, त्यात १०८ ला फोन करायचा, मग कोण काय म्हणेल ते म्हणो. नेहमीचा, ओळखीचा झटका असेल तर घरीच शांतपणे जाऊ द्यायचा.

भरतीचे कागद आणि त्या तपासणीचा रिपोर्टही माग. डॉक्टरांसाठी २००२ चे जे नियम आहेत, त्यांत रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असं लिहिलेलं आहे. भांडण करायची गरज नाही, एक साधा अर्ज पुरे.

मग एखाद्या दिवशी, झटका नसताना, त्याच दवाखान्यात जा. बाजाराचा दिवस सोडून, दुपारी १२ नंतर, गर्दी ओसरल्यावर. जावईबापूंना सोबत घे. मेडिकल ऑफिसरला सांग: "साहेब, मागच्या महिन्यात मला इथं आणलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. हा नागपूरचा कागद. एक झेरॉक्स तुमच्या इमर्जन्सीच्या टेबलावर ठेवाल का?" बोलताना आवाज कापला तर कापू दे. ती सिस्टर दिसली तर तिला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. काही नाही म्हणालीस तरी चालेल. माझ्या त्या पोरीनं मला वासाबद्दल आणि बांगडीबद्दल सांगितलं होतं, तेवढं मला पुरलं. उशिरा पुरलं, पण पुरलं.

फाइल नेशील तेव्हा नवा कागद सगळ्यात वर लाव, खाली व्हिडिओ ईईजीचा रिपोर्ट, त्याखाली चालू गोळ्यांची चिठ्ठी. पोरीच्या वेळचे सोनोग्राफीचे कागद काढून घरी ठेव, ते उलटण्यातच डॉक्टरांची दोन मिनिटं जातात.

— तुझी मावशी